ट्रॉली कोणाच्या मागे जोडावी?

समुद्रपूर तालुक्यात दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीन निघते, दिवाळीनंतर पऱ्हाटीची वेचणी जोर धरते आणि पुढचे तीन-चार महिने माल वाहण्यातच जातात. गिरड, कोरा, मांडगाव, नंदोरी या पट्ट्यातला कापूस समुद्रपूरला किंवा हिंगणघाटच्या जिनिंगला पोचवायचा, तर एकेकाळी बंडीशिवाय गत्यंतर नव्हते. आता ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, आणि गेल्या वीस वर्षांत तिच्या जोडीला पिकअप आली आहे. 2005 साली टाटाची ‘एस’ बाजारात आली आणि छोटा हत्ती म्हणून गावोगाव ओळखली जाऊ लागली. त्याहून मोठ्या कामाला महिंद्राची बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, टाटाची योद्धा अशा गाड्या आहेत. साहजिकच कास्तकाराच्या मनात येते की एकच दणकट पिकअप घ्यावी, तिच्या मागे हूक बसवून घरची ट्रॉलीही ओढावी आणि ट्रॅक्टरच्या हप्त्यातून सुटावे. हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण तो चुकीचा आहे. गाडी किती ओढते यापेक्षा ती मागच्या ओझ्यासकट कशी थांबते, हे निवडताना आधी पाहिले पाहिजे.

अश्वशक्तीचा आकडा इथे फसवतो. महिंद्राचा 575 डीआय हा आपल्याकडे सर्रास दिसणारा ट्रॅक्टर 45 अश्वशक्तीचा. बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे इंजिन सुमारे 75 अश्वशक्तीचे. तरीही ओल्या काळ्या मातीच्या पांदणीतून भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच बाहेर काढतो. त्याचे गिअर इंजिनाचा वेग खूप कमी करून चाकांवरचा जोर वाढवतात, मागची मोठी चाके मातीला खोल खाचांनी धरतात, आणि दोन चाकी ट्रॉलीचा दांडा तिच्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर टाकून ती पकड आणखी वाढवतो. हा भार प्रमाणाबाहेर गेला, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही, हेही तितकेच खरे. पिकअपचे तसे नाही. तिचे पाटे मागच्या हौद्यात ठेवलेल्या ओझ्यासाठी बनवलेले असतात. रिकामी असताना मागच्या चाकांवर वजन थोडे पडते, म्हणून ती चिखलात जागच्या जागी फिरते. 4 बाय 4 घेतली तर चिखलातली ही अडचण पुष्कळ कमी होते, पण डांबरी रस्त्यावरची अडचण तशीच राहते.

खरा धोका डांबरी रस्त्यावरच आहे. रिकाम्या पिकअपचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास असते आणि शेतातली भरलेली ट्रॉली सहज चार-पाच टनांवर जाते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे सगळा भार पुढच्या गाडीच्या ब्रेकवर येतो. ट्रॅक्टरही काही फार जड नसतो, दोन टनांच्या आसपासच. पण तो ताशी 20 किलोमीटरने चालतो. पिकअप 60 ने पळते. वेग तिप्पट झाला की थांबवायची ऊर्जा नऊपट होते. समुद्रपूर तालुक्यातच जांबच्या चौफुलीवर नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि चंद्रपूरचा रस्ता भेटतात, तिथे अवजड वाहनांची रीघ असते. अशा रस्त्यावर समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, तर मागची ट्रॉली पिकअपला ढकलत नेईल किंवा तिच्याशी काटकोनात दुमडेल. चालक कितीही तरबेज असला तरी त्या क्षणी त्याच्या हातात काही उरत नाही.

यावर आक्षेप येतो की अमेरिकेत पिकअप पाच-पाच टनांचे ट्रेलर ओढतात, मग आपल्या गाड्यांना काय झाले? पण तिथली गाडी आणि ट्रेलर ही जोडी म्हणून बनते. मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे ‘जे 2807’ नावाचे मानक आहे. त्यात गाडीने ट्रेलरसह अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांब चढ एसी चालू ठेवून ठरावीक वेगाखाली न येता चढायचा असतो, शिवाय थांबण्याच्या आणि वळणाच्याही कसोट्या असतात. टोयोटाने 2011 च्या मॉडेलांपासून ते प्रथम स्वीकारले. जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतात आणि त्याच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भाग हुकावर यावा, हे पाहिले जाते. आपल्या पिकअपच्या जाहिरातीत आणि कागदपत्रांत हौद्यात किती वाहता येते ते ठळक असते, कारण ती वाहण्यासाठीच बनलेली आहे. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून चेसीला हूक जोडणे म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करणे. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम त्याच्या आड येते, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ट्रॅक्टर हळू चालतो, महामार्गावर तोच अडथळा ठरतो, आणि रात्री मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीवर कितीतरी दुचाकीस्वार आदळतात. हे नाकारता येणार नाही. म्हणूनच कामाची वाटणी हवी. वावर ते गाव, गाव ते जवळचे जिनिंग, हे काम ट्रॅक्टरचे. नागपूरसारख्या लांबच्या बाजाराला पिकअप न्यावी, पण माल तिच्याच हौद्यात भरून. 1.7 टन क्षमतेची पिकअप म्हणजे 17 क्विंटल माल. तिचा हौदा साधारण 9 फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला, तर सोयाबीनच्या सुमारे दीड फुटाच्या थरात हे वजन पुरे होते. वर बरीच जागा मोकळी दिसते, आणि तीच मोह घालते. कापूस उलट वागतो: वजन पूर्ण होण्याआधी जागा संपते, आणि फळ्या लावून उंच रचला की वळणावर गाडी कलते. जादा वजनाला 2019 च्या दुरुस्तीपासून 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे. त्याहून मोठे नुकसान पाट्यांचे, टायरचे आणि ब्रेकचे होते.

दोन गाड्या परवडत नाहीत, हे बहुतेकांचे वास्तव आहे. ज्याचे वावर पांदणीच्या आत आहे, त्याने ट्रॅक्टर ठेवावा आणि लांबच्या खेपेला भाड्याची पिकअप सांगावी. ज्याला वर्षभर भाजी, दूध किंवा किराणा वाहायचा आहे, त्याने पिकअप घ्यावी आणि हंगामात ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा. पिकअप घेताना जाहिरातीतल्या ताकदीकडे पाहण्याआधी आरसीतले एकूण वजन वाचा, आणि हिंगणघाटला तिचे सुटे भाग व मिस्त्री मिळतो का ते विचारा. ट्रॉली घरी असेल, तर वेचणीच्या आधी तिला ब्रेक बसवून घ्या, झिजलेली पिन बदला, आणि मागे लाल परावर्तक पट्टी लावा. पिकअपच्या मागे ट्रॉली मात्र जोडू नका.