कृमीचे नाव आणि विडंगाचा पत्ता

कृमिघ्न द्रव्यांत चरकाचार्यांनी विडंगास अग्रस्थान दिले आहे, आणि आपल्या फार्मसींत वावडिंगाची पोती वर्षानुवर्षे उतरत आली आहेत. परंतु त्या पोत्यातील फळ कोणत्या वनस्पतीचे व कोणत्या रानातले, हे आपल्यापैकी किती जण निश्चयाने सांगू शकतील? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आम्ही एका कृमीची हकिकत सांगू इच्छितो. हा कृमी माशाचा आहे, रुग्णाचा नव्हे. तरी त्याची कथा आपल्या कामाची आहे.

इ. स. १९२५ मध्ये नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी मागूर माशातील एका कृमीचे वर्णन ‘पॅरासिटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि त्यास ‘कॅरिओफायलियस इंडिकस’ असे नाव दिले. लेखाच्या शीर्षकात त्याची गणना पर्णकृमींत केलेली होती. पट्टकृमीच्या शरीरास सामान्यतः खंड असतात, ते या गटात नसतात. तेव्हा असे वाटणे स्वाभाविकच होते. पुढच्याच वर्षी वुडलंड यांनी या कृमीस ‘लायटोसेस्टस’ प्रजातीत नेले, आणि आज त्याचे स्थान पट्टकृमींत आहे. प्रजाती बदलली, गट बदलला. पण जातीचे नाव आणि मोघे यांचे श्रेय कायम राहिले. रचना कशी, कोणत्या माशात आढळला, हे त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणूनच पुढील अभ्यासकास तेथूनच पुढे जाता आले.

अशा लक्षावधी नोंदी जुन्या अंकांत व संग्रहालयांच्या कपाटांत विखुरलेल्या आहेत. त्या एकत्र आणण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील विश्वास चव्हाण यांनी हाती घेतले. भारतातील ज्ञात प्राणिजातींची ‘इंडफॉना’ ही संगणकीय सूची तेथेच आकारास आली. २००३ मध्ये एस. कृष्णन यांच्यासह त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये निसर्गसंग्रहांच्या माहितीसाठी राष्ट्रीय व्यवस्था उभारण्याची मागणी केली. पुढे ते कोपनहेगन येथील ‘जीबीआयएफ’ या जागतिक जैवविविधता माहिती संस्थेत गेले. २०११ मध्ये पेनेव्ह यांच्यासमवेत त्यांनी ‘डेटा पेपर’ची कल्पना मांडली: नोंदींच्या संचाचे तज्ज्ञांनी तपासलेले वर्णन स्वतंत्र लेख म्हणून छापावे, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्यासही लेखकाचा मान मिळेल. रानोमाळ हिंडणाऱ्यास मान नाही, हे दुःख आपल्या क्षेत्रातही जुनेच आहे.

आता विडंग. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार विडंग म्हणजे ‘एम्बेलिया रायबीस’चे फळ. बाजारात मात्र त्याच नावाने ‘एम्बेलिया जेरियम-कोट्टम’ची फळे येतात, क्वचित ‘मीसा इंडिका’चीही. पहिले फळ खरबरीत, बारीक पुटकुळ्यांचे. दुसऱ्यावर उभ्या रेषा असतात. दोहोंत बी एकच. ‘मीसा’चे फळ फोडल्यास अनेक बारीक बिया दिसतात, तेव्हा ते ओळखणे सोपे. चूर्णाच्या इथर अर्कात विरल अमोनियाचे थेंब टाकल्यावर निळसर जांभळा साका येतो, ही परीक्षा अनेकांस ठाऊक आहे. परंतु ती एम्बेलिन दाखवते, आणि एम्बेलिन दोन्ही एम्बेलियांत आहे. चूर्ण झाल्यावर जात सांगणे सूक्ष्मदर्शकाशिवाय कठीण, आणि दलालाच्या बिलावर तर केवळ ‘वावडिंग’ एवढाच शब्द असतो. एखाद्या रुग्णास गुण आला नाही, तर दोष मात्रेचा, अनुपानाचा की द्रव्याचा, हे मग कशावरून ठरवावे?

कोल्हापुरास या बाबतीत सबब नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. श्री. रा. यादव व म. म. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्येच प्रसिद्ध केला आहे. राधानगरी, गगनबावडा, चंदगड या भागांतून माल घेणाऱ्या फार्मसींनी फळांबरोबर त्याच झाडाची पानांसह एक डहाळी मागावी. ती कागदात दाबून वाळवावी. तिच्यावर तारीख, गाव व गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे, आणि तोच क्रमांक पोत्यावर व कच्च्या मालाच्या नोंदवहीत घालावा. शंका असल्यास ती डहाळी वनस्पतिशास्त्रज्ञास दाखवता येते. चूर्ण दाखवून उपयोग नाही. फुलोरा मिळाला तर फारच उत्तम: ‘रायबीस’चा फुलोरा फांदीच्या टोकास व फाटे फुटलेला असतो, दुसऱ्याचा पानांच्या बगलेत व साधा.

झाडाचे नेमके ठिकाण उघड झाल्यास ते ओरबाडले जाईल, ही धास्ती रास्त आहे. जाहीर नोंदीत केवळ तालुका द्यावा. नेमकी जागा फार्मसीच्या वहीत राहू द्यावी.