चेक लाइट लागल्यापासून

जळगावात मेहरूणहून अजिंठा चौफुलीकडे निघालं की गॅरेजं लागतात. तिथल्या जुन्या मिस्त्र्यांना स्कॅनर लावण्याआधी बॉनेट उघडून कान देण्याची खोड आहे. पोरं हसतात. मला मात्र ती खोड शहाणपणाची वाटते.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं गाडीचं दुखणं म्हणजे प्लग, पॉइंट, टायमिंग आणि कार्बोरेटर. गाडी मिसिंग करते म्हटलं की प्लग काढायचा, त्याचा रंग बघायचा. काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढुरका पडला तर कमी. जळगावच्या पंचेचाळीस अंशांत पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी रस्त्यात बसायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून सावलीत थांबायचं. त्याला कोणताही कोड नव्हता.

2000 च्या आसपास छोट्या गाड्यांतही इंजेक्शन आलं, त्यासोबत कॉम्प्युटर आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा. सुझुकीच्या त्या गाड्यांत स्कॅनरशिवायही काम भागायचं. तपासणीच्या कनेक्टरमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एक झपका, थोडं थांबून दोन झपके, म्हणजे 12, सगळं ठीक.

अमेरिकेत 1996 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एकच सोळा पिनांचा सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे ही सक्ती भारत स्टेज 4 च्या गाड्यांना 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली, 2013 मध्ये ती अधिक कडक झाली. 2010 च्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, अगदी सोलापूरही होतं, जळगाव नव्हतं. स्टेज 4 देशभर लागू झाला 2017 मध्ये. म्हणून बरीच वर्षं आपल्या गॅरेजांत सॉकेटवाली आणि बिनसॉकेटवाली गाडी शेजारीशेजारी उभी असायची.

खरा घोळ स्कॅनर स्वस्त झाल्यावर झाला. ब्लूटूथचा चिमुकला अडॅप्टर आणि मोबाइल, एवढ्यावर कुणीही कोड वाचू लागलं. पी 0171 घ्या. याचा अर्थ इतकाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही खबर धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून कित्येकांनी तोच बदलला. बिचारा निरोप्या! दोष बहुधा दुसरीकडे: उन्हाने तडकलेला व्हॅक्यूमचा पाइप, धुळीने माखलेला हवेचा सेन्सर, तुंबलेला फिल्टर, दमलेला पंप. पाइपाच्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा फवारा जपून मारला आणि इंजिनाची चाल बदलली तर गळती सापडली. हे काम जुन्या मिस्त्र्याला नव्याने शिकावं लागलं नाही.

कोड उडवण्याचा धंदाही याच काळातला. जुनी गाडी विकायच्या आधी दिवा घालवून आणायचा. घेणाऱ्याने एक करावं: स्कॅनरवर मॉनिटरचं पान उघडावं. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच वेगवेगळं चालवावं लागतं. बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या तर मालकाला विचारावं, नुकतं काय पुसलं? बॅटरी काढली होती, हे उत्तर खरंही असू शकतं. पण मग गाडी थोडी चालवून पुन्हा बघावी.

एप्रिल 2020 पासूनच्या स्टेज 6 डिझेल गाड्यांनी नवंच दुखणं आणलं. धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर त्या काजळीला मधूनमधून जाळतो, आणि त्यासाठी धूर सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. मेहरूण ते गोलाणी मार्केट एवढीच रोजची फेरी असेल तर तो कधीच तापत नाही. काजळी साचते, पी 2463 येतो. गॅरेजवाला सांगतो, ‘भाऊ, भुसावळपर्यंत ताणून आणा.’ हायवेवरची ती एक फेरी पुष्कळदा पुरते. मात्र काजळी जळत असताना वारंवार गाडी बंद केली तर जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली तर भुसावळ राहू द्या, आधी ऑइल बदला.