चळवळीचं दप्तर

नव्या ग्रंथालयात शिरले की पुस्तकं कोणती आहेत यापेक्षा ती कशी लावली आहेत, हे मी आधी पाहते. जुनी खोड आहे. त्यामुळेच न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या पार्क स्लोप भागातल्या एका जुन्या तीन मजली घराने मला गुंतवून ठेवलं. हे ‘लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज’. समलिंगी स्त्रियांच्या जगण्याचा आणि लढ्यांचा संग्रह, सगळा कारभार स्वयंसेवकांचा.

इथली पुस्तकं लेखिकेच्या पहिल्या नावाने लावतात. ऑड्री लॉर्ड हवी असेल तर लॉर्ड नव्हे, ऑड्री शोधायची. आडनाव बहुधा बापाचं नाहीतर नवऱ्याचं, मग बाईची जागा त्यावरून का ठरावी? आपण बोलताना दुर्गाबाई, इरावतीबाई म्हणतो आणि कपाटात मात्र त्यांना भागवत, कर्वे करून ठेवतो. वर्गीकरण हेसुद्धा एक मत असतं, हे इतक्या सहज पटवून देणारी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १९७४मध्ये जोन नेस्ल आणि डेबोरा एडल यांनी सहकाऱ्यांसह मॅनहॅटनमधल्या नेस्ल यांच्या घरात हा संग्रह सुरू केला. फराळाचे डबे ठेवावेत तशा कोठीच्या खोलीत कागदपत्रं राहू लागली. पुढे लहान लहान देणग्यांतून ब्रुकलिनचं घर घेतलं. ते १९९३मध्ये उघडलं.

माझा जीव रमतो तो तिथल्या स्वस्त कादंबऱ्यांत. १९५०च्या दशकात औषधांच्या दुकानात विकली जाणारी ही भडक मुखपृष्ठांची पुस्तकं प्रतिष्ठित ग्रंथालयांनी दारातही उभी केली नसती. मेबल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय बाईंनी मात्र ती जपली. जन्म १९०२चा, तरुणपणी हार्लेममध्ये नर्तकी, नंतर वर्षानुवर्षं घरकाम. त्यांनी आपली पुस्तकं या संग्रहाला दिली, आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित करू दिल्या. असं एखादं पुस्तक हातात घेतलं की कागद तपकिरी झालेला, कडा मोडायला आलेल्या. घरकामाच्या पगारातून कुणीतरी ते विकत घेतलं होतं आणि टाकून दिलं नव्हतं. विद्यापीठाच्या इतिहासात ही वाचक सापडली नसती.

नियमही मला मनापासून पटलेले. संग्रह विद्यापीठाच्या आवारात नाही, वस्तीत असेल. बघायला पदवी लागणार नाही. तो विकला जाणार नाही, त्याची वाटणी होणार नाही. जतनाचं कसब एका पिढीने दुसरीला शिकवायचं. हे कसब अवघड नसतं. गठ्ठ्यातली गंजकी टाचणी काढायची, पेनाऐवजी पेन्सिल वापरायची, पत्रक आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेवायचं, कोणी दिलं ते नोंदवायचं. चिकाटी मात्र लागते, कारण हे काम संपत नाही.

जवळच ‘इंटरफिअरन्स आर्काइव्ह’ आहे, २०११चा. तिथेही स्वयंसेवकच. आंदोलनांची भित्तिपत्रकं, बिल्ले, पत्रिका यांचे खोके वाचकाने स्वतः उतरवून उघडायचे. वापरात राहिलं तेच टिकतं, ही त्यांची धारणा. कुलूपबंद कपाटांच्या सहवासात आयुष्य गेलेल्या मला ती फार मोलाची वाटते.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९६७च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग आणि अनुदान मिळालं, गावोगाव ती उभी राहिली, हे ऋण मोठंच. मुंबईत १९८८पासून ‘स्पॅरो’ ही संस्था स्त्रियांचे आवाज आणि छायाचित्रं जपते आहे. पण १९७२ची दलित पँथर, १९८०चे मथुरा बलात्कार प्रकरणानंतरचे मोर्चे, १९८२चा गिरणी संप यांची सायक्लोस्टाइल पत्रकं अजून कितीतरी माळ्यांवर वाळवीच्या वाटेवर आहेत. ती सांभाळायला सरकारी ठरावाची वाट पाहायची गरज नाही. समाजमंदिराची एक खोली, दोन कपाटं आणि आठवड्यातली एक संध्याकाळ देणारी चार माणसं पुरतात.

तेव्हा दिवाळीची आवराआवर करताना जुनं पत्रक हाती लागलं तर ते रद्दीत घालू नका. मागे पेन्सिलीने साल, गाव आणि ते कोणी छापलं एवढं लिहा, आणि शेजारच्या कार्यकर्त्याला विचारा, तुमच्याकडे काय आहे?