डोंगर खचण्यापूर्वी : घरातील ज्येष्ठांसाठी पावसाळ्याची तयारी

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात एक प्रसंग दरवर्षी घडतो. सांगलीत नोकरी करणारा मुलगा पाटणच्या डोंगरात राहणाऱ्या आई-वडिलांची औषधे लिहून घ्यायला येतो. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, गुडघ्याचे मलम, सारे आठवणीने विचारतो. ‘रात्री घर सोडण्याची वेळ आली तर त्यांना उचलणार कोण?’ हा माझा प्रश्न मात्र त्याला अनपेक्षित वाटतो.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून घरे गाडली गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हे पाणी कोयना आणि कृष्णेतून वाहत कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एकत्र आले आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. म्हणजे डोंगरातील आई-वडिलांना मुलाची गरज होती, तेव्हा मुलगा स्वतःच पुरात अडकलेला होता. डोंगरावर दरड आणि नदीकाठी पूर एकाच पावसाने येतात. म्हणून ‘वेळ आली की जाऊन आणू’ या भरवशावर राहू नये.

दरड का कोसळते? आपल्या डोंगरांत कातळावर माती-मुरमाचा थर असतो. संततधार पावसाचे पाणी त्यात मुरले की थराचे वजन वाढते, मातीच्या कणांची पकड सुटते आणि तीव्र उतारावरील थर एकाएकी घसरतो. हिमालयात बर्फाचा कडा कोसळतो तोही असाच, नव्या बर्फाच्या भाराने. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला हिमकड्याखाली दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्याचाही एक जवान होता. बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांना पहिला धडा दिला जातो तो धोक्याच्या उतारावर न जाण्याचा. कारण गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती थोडीच मिनिटे असतात. ओल्या मातीत हवा त्याहूनही कमी. आपणही तोच धडा घ्यावा.

डोंगर बहुधा आधी सूचना देतो. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, नवे झरे फुटणे, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, डोंगरातून घरघर ऐकू येणे, यांपैकी काहीही दिसल्यास घर सोडावे. मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत हा निर्णय दिवसाउजेडी व्हायला हवा. तरुण माणूस आवाज ऐकून पळू शकतो. ज्यांना ऐकू कमी येते, मोतीबिंदू आहे, गुडघे साथ देत नाहीत किंवा रात्री झोपेची गोळी लागते, त्यांना ते शक्य नाही. झोपेची गोळी मनानेच एकाएकी बंद करणेही योग्य नव्हे. म्हणून अशा व्यक्तींना सर्वांत आधी सुरक्षित घरी हलवावे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बांबू व घोंगडीची झोळी तयार ठेवावी आणि ती उचलणारे चौघे आधीच ठरवावेत.

जलाभेद्य पिशवीत पुढील वस्तू भराव्यात : पंधरा दिवसांची औषधे, चिठ्ठीची प्रत, चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल, दम्याचा पंप, विजेरी, शिट्टी, कोरडे गरम कपडे. इन्सुलिन थर्मासमध्ये न्यावे. ते बर्फाला थेट टेकू देऊ नये. डायलिसिसच्या रुग्णांनी रस्ता बंद होण्यापूर्वीच केंद्राजवळ मुक्काम करावा.

दरड येताना दिसलीच, तर उताराच्या दिशेने खाली न पळता बाजूला सरावे. ओढा ओलांडू नये. पळणे अशक्य असेल, तर अंग आखडून दोन्ही हातांनी डोके झाकावे. नंतर सामानासाठी परत जाऊ नये, दुसरी दरड येऊ शकते. गाडलेल्या व्यक्तीचे नाक-तोंड प्रथम मोकळे करावे. हातपाय बराच वेळ ढिगाऱ्याखाली चिरडलेले असतील, तर भार काढताच रक्तातील क्षार बिघडून हृदय थांबू शकते. श्वास सुरू असल्यास वैद्यकीय मदत येईपर्यंत ओढाताण करू नये. ओले कपडे बदलावेत, जखमेसाठी धनुर्वाताची लस विचारावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावेत.

शेवटी एक अडचण, जी औषधाने सुटत नाही. ‘गोठ्यातली म्हैस सोडून मी कुठे जाऊ?’ असे एका आजोबांनी मला विचारले होते. हा हट्ट नव्हता. ती त्यांची रोजी आणि सोबत होती. मुलाने म्हशीची सोय पाहुण्यांकडे केली, तेव्हा आजोबा दुसऱ्याच दिवशी निघाले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा पाय कशात अडकला आहे, हे पाऊस लागण्याआधी त्यांच्याजवळ बसून विचारा. ती सोय आधी करा. मग ते आपणहून निघतील.