हॉकर सी हॉक (भारतीय नौदल)

हॉकर सी हॉक हे विमानवाहू नौकेवरून उडणारे, एक आसनी ब्रिटिश लढाऊ व बॉम्बफेकी विमान होते. भारतीय नौदलाच्या विमानवाहू नौकेवरील हे पहिले जेट विमान होय.

रचना व विकास

या विमानाच्या प्रारूपाने २ सप्टेंबर १९४७ रोजी प्रथम उड्डाण केले. त्याच सुमारास अमेरिकी नौदल अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी 'एजे सॅव्हेज' हे अवजड विमान विकसित करीत होते. त्याला मोठ्या नौकाच लागत. सी हॉक त्या मानाने लहान व साधे होते. ब्रिटिश नौदलात ते १९५३ मध्ये दाखल झाले. त्याच्या रोल्स-रॉइस नीन इंजिनाचा झोत दोन भागांत विभागून पंखांच्या मुळाशी बाहेर सोडलेला असे. त्यामुळे धडाचा मागील भाग इंधनासाठी मोकळा राही. नाकात २० मि.मी.च्या चार तोफा असून, नौकेच्या पोटात ठेवण्यासाठी पंख वर दुमडता येत. उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवरील तारेत अडकून विमान थांबे.

भारतीय सेवा

सी हॉक विमानांचे ३०० क्रमांकाचे पथक जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाले. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट (पुढे नौदलप्रमुख) आर. एच. ताहिलियानी यांनी 'विक्रांत'वर पहिले जेट विमान उतरवले. १९६४ पासून गोव्यातील दाबोळीचा 'आयएनएस हंसा' हा तळ या पथकाचे किनाऱ्यावरील ठाणे झाला.

१९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईत दुरुस्तीसाठी उभी होती. १९७१ मध्येही अडचण होतीच. चारपैकी एका बॉयलरला तडे गेल्याने नौकेचा वेग घटला होता. ही त्रुटी वरवर वाटते त्यापेक्षा गंभीर होती: विमान उडवताना नौका वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वेगात हाकावी लागते, कारण डेकवरून वाहणारा वारा पंखांना उचल देतो, आणि बंगालच्या उपसागरात त्या दिवसांत वारा मंद असतो. तरीही ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. बंदरे, धावपट्ट्या व जहाजे ही त्यांची लक्ष्ये होती. या युद्धात एकही सी हॉक शत्रूच्या माऱ्यात गमावले गेले नाही. पथकप्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीर चक्र देण्यात आले.

१९८३ मध्ये सी हॅरियर आल्यावर सी हॉकची जागा त्याने घेतली. दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात एक सी हॉक जतन केलेले आहे.