लोंबी आली, पण दाणा भरला का?

शेतकरी बंधूंनो, भात झोडून झाले, खळ्यावर रास पडली, सूप हातात घेऊन वारा दिला आणि बघता बघता राशीचा मोठा हिस्सा पलीकडे उडून गेला, असा अनुभव तुम्हाला एखाद्या वर्षी तरी आलाच असेल. लावणी वेळेवर झालेली, खतही दिलेले, पीक कमरेएवढे उभे. मग एवढी पळंज आली कुठून? उरलेला दाणा तरी असा बारीक, किरकोळ का? आपण लगेच म्हणतो, "बियाणंच खराब निघालं." कधी ते खरेही असते. पण दरवेळी दुकानदारावर खापर फोडून चालत नाही.

दाणा लहान-मोठा होतो कशाने, हे समजायला आधी गव्हाकडे बघू. पेण-रोह्यात गहू पिकत नाही, तो आपल्याकडे येतो दुकानातून. पण त्याची गोष्ट उपयोगाची आहे. गव्हाचा दाणा सैल तुसात वाढतो. भरताना गारवा मिळाला की तो टपोरा होतो, चटका बसला की आक्रसतो. म्हणून तर निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राची मंडळी बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा म्हणून सांगतात. उशिरा पेरलेला गहू मार्चच्या उन्हात सापडतो. 2022 च्या मार्चमध्ये उत्तरेत उन्हाने असा तडाखा दिला, की दाणे सुकून बारीक झाले आणि केंद्र सरकारला पंजाब-हरियाणातल्या खरेदीसाठी आक्रसलेल्या व तुटक्या दाण्यांची मर्यादा 6 टक्क्यांवरून 18 टक्के करावी लागली.

भाताचे तसे नाही. भाताचा दाणा बंद खोलीत वाढतो म्हणा ना! तुसाची दोन टरफले लोंबी पोटरीत असतानाच, निसवण्याआधी घडून तयार होतात. नंतर दाणा कितीही जोमात असला तरी त्या टरफलांच्या बाहेर वाढू शकत नाही. ही खोली केवढी, हे मुख्यतः जात ठरवते. जाड भाताचे हजार दाणे 25 ते 30 ग्रॅम भरतात, झिणी-कोलमसारख्या बारीक भाताचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. लांबी ठरवणारा 'जीएस-3' हा जनुक चीनमधल्या वूहानच्या शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये शोधून दाखवला, आणि रुंदी व वजनावर परिणाम करणारा 'जीडब्ल्यू-2' हा दुसरा जनुक 2007 मध्ये चीनमध्येच सापडला. तेव्हा खताचा मारा करून झिणीची जया होणार नाही. पोह्यासाठी जाड दाणा हवा असेल तर तो जूनमध्ये बियाणे निवडतानाच ठरवायचा.

मग आपल्या हातात काय उरले? खोली भरणे. आणि त्यासाठी दिवस मिळतात साधारण तीस. फुलोऱ्यापासून कापणीपर्यंतचा तो महिना म्हणजे सगळा हिशेब.

लोंबी वरून खाली फुलत येते. शेंड्याकडचे दाणे आधी फुलतात आणि आधी भरतात. बुडाकडचे, बारीक काड्यांवरचे दाणे मागे राहतात. घरात जेवण कमी पडले की शेवटी बसणाऱ्याच्या पानात काही उरत नाही, तसेच हे. पळंज तुम्ही नीट बघा, बहुतेक लोंबीच्या खालच्या भागात सापडेल. दाण्यात जाणारे अन्न थोडे खोडात आधीपासून साठलेले असते, पण बरेचसे वरची तीन पाने त्या महिन्यात तयार करतात. त्यांतही शेवटचे पान महत्त्वाचे. ते करप्याने वाळले, लष्करी अळीने खाल्ले किंवा युरियाच्या माजाने पीक लोळून चिखलात गेले, की दाण्याची उपासमार सुरू. दाणा चिकात असताना लोंबीवरचा ढेकण्या चीक शोषतो, त्याचेही तेच. खोडकिड्याने तर लोंबीच आतून तुटते आणि शेतात पांढऱ्या पळंजीच्या काड्या उभ्या राहतात.

पेणच्या खारेपाटात याच महिन्यात आणखी एक शत्रू येतो, तो म्हणजे मीठ. धरमतरच्या खाडीकाठच्या जमिनीतले क्षार पावसाळाभर पाण्याखाली दबून राहतात. पाऊस ओसरला, खाचर सुकायला लागले की ते वर चढतात. भाताला खाऱ्याचा त्रास दोन वेळा जास्त होतो, एकदा कोवळ्या रोपात आणि दुसऱ्यांदा फुलोऱ्यात. मधल्या फुटव्यांच्या काळात तो बरेच सोसतो. आता हिशेब बघा. गरवे भात ऑक्टोबरात निसवते आणि पाऊसही त्याच सुमारास निरोप घेतो. पीक हिरवेगार उभे, लोंब्याही बाहेर आलेल्या, पण आत काही नाही! म्हणून खारेपाटात हळवे-निमगरवे भात बरे, आणि जात खाऱ्याला टिकणारी हवी. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या जाती त्यासाठीच आहेत. आपल्या आजोबांकडची तांबडी रातां तरी वेगळे काय करत होती? आणि हो, पीक फुलोऱ्यात असताना बांधाला खांड पडली, उधाणाचे पाणी एकदा जरी आत शिरले, तर नंतर बांध कितीही मजबूत घातला तरी त्या वर्षीचे दाणे परत येत नाहीत. खांडी बुजवायच्या त्या मे महिन्यात.

रोह्याकडची गोष्ट निराळी. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात जाते आणि उन्हाळी भात पिकते. उन्हाळ्यात ढग नाहीत, सूर्यप्रकाश भरपूर, त्यामुळे दाणा चांगला भरतो. पण पेरणी लांबली की फुलोरा भर उन्हात येतो. फुले साधारण सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंत उमलतात. त्या वेळी पारा 35 अंशांच्या वर राहिला तर पराग कोरडा पडतो आणि दाणाच धरत नाही. त्यात कालव्याचे आवर्तन चुकले तर विचारूच नका. पाणी फुलोऱ्याच्या आठवड्यात मिळाले पाहिजे, हे पाणी सोडणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे. औषध फवारायचे झाले तर तेही त्या तीन तासांत नको, दुपार उतरल्यावर.

आता खताचे. आमच्याच शेतात एका वर्षी मी शेजाऱ्याचे हिरवेगार भात बघून ऐन पोटरीत हावरेपणाने युरिया फेकला. पान असे काळेभोर झाले की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण मागाहून आलेल्या फुटव्यांच्या लोंब्या रिकाम्या, आणि परतीच्या पावसात निम्मे पीक आडवे. नत्र तीन हप्त्यांत द्यायचे, निम्म्याहून अधिक भाग फुटव्यांपर्यंत, आणि शेवटचा लहान हप्ता लोंबी धरण्याच्या वेळी. डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तर चार चुडांच्या चौकोनात 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची एकच गोळी चिखलात खोल खोचतात. ती हळूहळू विरघळत पिकाला पुरते. तिचे पहिले सूत्र म्हणजे तुसाची राख आणि पेंढा शेतालाच परत देणे. त्यातल्या सिलिकाने पान ताठ राहते आणि करपा कमी होतो. गिरणीमागे तुसाचे ढीग जळताना बघून मला नेहमी हळहळ वाटते.

कापणीचेही सांगून ठेवतो. शंभरातले नव्वद दाणे पिवळे झाले की कापा. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी काढा. घाई केली तर हिरवट, हलका दाणा येतो. 2019 च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि 'क्यार' वादळ लागोपाठ आले तेव्हा कोकणात कापलेले भात शेतातच भिजून त्याला मोड आले, म्हणून घाई का होते तेही समजते. पण हमीभावाच्या केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि अपक्व व आक्रसलेला दाणा 3 टक्क्यांपर्यंत. तिथे काटा आणि चाळणी बोलतात.

अधिकारी मंडळींनाही एक सांगणे आहे. पंचनाम्याला आलात की गाडीतून उतरून खाचरात या. खाऱ्याने किंवा फुलोऱ्यातल्या उन्हा-पावसाने गेलेले पीक रस्त्यावरून उभेच दिसते. चार लोंब्या हातात घेऊन दाणा बोटांनी दाबल्याशिवाय नुकसान कळत नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, यंदा कापणीआधी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा लोंब्या तोडा. भरलेले आणि पोचे दाणे वेगळे मोजून वहीत लिहा. बियाण्याला ठेवाल ते 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. तरंगेल ते काढून टाका, तळाला बसेल ते दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.