चुकीला जागाच नाही!

तीन पायांचा प्लग सॉकेटमध्ये उलटा बसत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. भूसंपर्काचा पाय इतर दोहोंपेक्षा जाड असल्यामुळे कितीही घाई असली तरी ती चूक होतच नाही. याच युक्तीचा उपयोग शस्त्रक्रियागृहात रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी केला जातो.

भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजन व नायट्रस ऑक्साइड या वायूंचे सिलिंडर जोडतात. ऑक्सिजनच्या जागी चुकून दुसरा सिलिंडर लागला तर? मेंदूला काही मिनिटे जरी ऑक्सिजन मिळाला नाही, तरी कायमची इजा होते. ओळखण्यासाठी सिलिंडरांना रंग दिलेले असतात. पण भारतात ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रूढ रंग काळा व खांदा पांढरा, तर अमेरिकेत तो हिरवा! शिवाय रंग उडतो, उजेड अपुरा असतो.

म्हणून येथे खुंट्यांची योजना केलेली असते. यंत्राच्या पकडीवर दोन खुंट्या आणि सिलिंडरच्या झडपेवर दोन भोके असतात. भोकांच्या जागांना क्रमांक आहेत. ऑक्सिजनसाठी 2 व 5, नायट्रस ऑक्साइडसाठी 3 व 5, हवेसाठी 1 व 5. जागा जुळल्या नाहीत, तर सिलिंडर बसतच नाही. मात्र खुंटी मोडली असेल किंवा कोणी जादा वॉशर घातला असेल, तर हे संरक्षण नाहीसे होते.

आता सिरिंजकडे वळू. तिचे टोक किंचित निमुळते असते. 100 मिलिमीटर लांबीस व्यासात 6 मिलिमीटर फरक पडेल, इतके. त्यामुळे ते घर्षणाने घट्ट बसते. हा सांधा सोयीचा, पण शिरेत व मणक्यात इंजेक्शन देण्यासाठी तोच वापरला जाई. 2001 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे केवळ शिरेत देण्याचे कर्करोगावरील औषध एका तरुणाच्या मणक्यात दिले गेले आणि तो दगावला. 2016 साली मणक्यातील इंजेक्शनांच्या सांध्यासाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. हा सांधा सुमारे 20 टक्के अरुंद असतो. त्यामुळे शिरेसाठी भरलेली सिरिंज मणक्याच्या सुईला जोडताच येत नाही.

पण सिरिंजमध्ये काय भरले आहे, हे सांध्याला कसे कळणार? मणक्यातून भूल देण्याचे बुपिव्हाकेन आणि रक्तस्राव थांबविणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल ही दोन्ही औषधे पाण्यासारखी स्वच्छ असतात व त्यांच्या कुप्याही सारख्या दिसू शकतात. दुसरे औषध चुकून मणक्यात गेल्यास तीव्र झटके येतात, मृत्यूही ओढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली याविषयी इशारा दिला व ते औषध भुलीच्या औषधांपासून दूर ठेवावे, असे सुचविले. येथे आकाराऐवजी अंतर रक्षण करते!

याशिवाय सिरिंजवर रंगीत पट्ट्या लावतात. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना लाल, वेदनाशामक अफूवर्गीय औषधांना निळी. तरीही नाव वाचणे चुकत नाही. कुपी फोडताना, औषध भरताना आणि ते टोचण्यापूर्वी नाव वाचावे. शक्य तर दुसऱ्यानेही ते तपासावे.

‘काळजी घ्या’ असे सांगणे सोपे असते. परंतु दमलेल्या माणसाचीही चूक होऊ नये अशी वस्तू घडविणे, हे विज्ञानाचे काम. तुमच्या प्रयोगशाळेतील बाटल्यांची मांडणी आज या दृष्टीने तपासून पाहा बरे!